विड्यांचा करार, ठवऱ्यांची जात आणि भंडाऱ्याच्या दोन जागा

1954 च्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेला उभे राहिले आणि पडले, हे तुमसर-मोहाडीकडच्या जुन्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. कोण कोणाच्या बाजूने होते, कोणी आतून काम केले, कोणत्या गावाने कोणाला मते दिली, यावर अजूनही गप्पा रंगतात. पण ती पोटनिवडणूक मुळात लागली कशी, असे विचारले की बहुतेकांची गाडी तुमसरजवळच्या देव्हाडी स्टेशनातच उभी राहते. पहिली लोकसभा येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. एकाच मतदारसंघाच्या दोन्ही जागा एकदम रिकाम्या झाल्या, आणि त्या रिकाम्या केल्या एका निवडणूक अर्जावरच्या निकालाने. त्या निकालात एकीकडे सैनिकांसाठी पाठवलेल्या विड्या होत्या आणि दुसरीकडे एका महानुभाव माणसाची जात.

भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. आजचा सगळा गोंदिया जिल्हा त्यातच येई. तो वेगळा झाला 1 मे 1999 ला. तुमसर हे धानाच्या बाजाराचे गाव. 1867 पासून नगरपालिका असलेले, उत्तरेला चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी, आणि तुमसर रोड स्टेशनवरून तिरोडीकडे जाणारा, ते मॅंगनीज वाहून आणणारा रेल्वेचा फाटा. 1942 च्या ऑगस्टमध्ये या गावात गोळीबार होऊन माणसे मेली होती, त्यामुळे काँग्रेसचा शब्द इथे दहा वर्षांनंतरही जड होता. पण धान काय, मॅंगनीज काय, सगळ्यांच्या हाताला काम देणारे नव्हते. घराघरात शिरलेला धंदा विडीचा.

उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपाने तोडायची, पुडे बांधायचे, फळीवर मोजून द्यायचे. मग वर्षभर बायामाणसांनी ओसरीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. विड्या तपासताना नापास विड्यांची छाट किती काढली, यावर मजुरीचा हिशेब आणि भांडण दोन्ही ठरलेले. या धंद्याची सूत्रे गोंदियाच्या पेढ्यांकडे होती आणि त्यातले एक मोठे नाव मूलजी सिक्का आणि कंपनी. या पेढीच्या भागीदारांपैकी एक चतुर्भुज विठ्ठलदास जसानी. गोंदियाच्या काँग्रेसमधले वजनदार नाव. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने भंडाऱ्याची सर्वसाधारण जागा त्यांना दिली.

जागा ‘सर्वसाधारण’ म्हणण्याचे कारण असे, की भंडारा हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वांसाठी, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदार मात्र तेच, आणि प्रत्येकाला मते दोन. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देण्याची सोय नव्हती. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह; मतदाराने आपल्या दोन मतपत्रिका दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. ज्याला दुसऱ्या कोणालाच द्यायचे नसेल, त्याचे दुसरे मत वाया. ‘मत कुजवणे’ हा शब्द त्या काळच्या मराठी राजकारणाने याच रचनेतून घडवला, आणि तो आपल्या या कथेत पुन्हा येणार आहे.

नोव्हेंबर 1951 मध्ये उमेदवारी अर्ज भरले गेले. राखीव जागेसाठी आलेल्या अर्जांत एक गंगाराम ठवरे यांचा होता. निवडणूक अधिकाऱ्याने तो नाकारला. ठवरे जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता. पंथ जात मानत नाही, तेव्हा पंथात गेलेला माणूस महार राहिला कुठे, आणि महार नसेल तर राखीव जागेवर त्याचा हक्क काय, असा तो तर्क. कागदावर तो बिनतोड वाटतो. गावात राहिलेल्या माणसाला तो ऐकूनच हसू येईल.

डिसेंबर 1951 आणि जानेवारी 1952 मध्ये मतदान झाले, फेब्रुवारीत निकाल लागले. सर्वसाधारण जागेवर जसानी, राखीव जागेवर तुलाराम साखरे, दोघेही काँग्रेसचे. दोघे दिल्लीला गेले. प्रकरण इथेच मिटले असते. पण एका मतदाराने या निवडणुकीला आव्हान देणारा निवडणूक अर्ज दाखल केला. तो उमेदवार नव्हता, पुढारी म्हणूनही त्याचे नाव कुठे गाजलेले नाही. खटल्याच्या शीर्षकात तो आहे तो असा: ‘चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम’. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने हा अधिकार उमेदवाराइतकाच साध्या मतदारालाही दिला होता. कायदा छापून वर्षही झाले नव्हते, आणि भंडाऱ्याच्या एका मतदाराने त्याचा पुरेपूर वापर केला.

अर्ज चालला नागपूरच्या निवडणूक न्यायाधिकरणापुढे. त्या काळी असे अर्ज उच्च न्यायालयात जात नसत. प्रत्येक अर्जासाठी निवडणूक आयोग तीन सदस्यांचे न्यायाधिकरण नेमी आणि तिथे साधारणपणे दिवाणी दाव्यासारखीच कार्यपद्धती असे: कैफियत, मुद्दे, साक्षी, उलटतपासणी, कागदोपत्री पुरावा. निकाल अंतिम, त्यावर नेहमीचे अपील नाही. दार उरे ते घटनेच्या कलम 136 खाली सर्वोच्च न्यायालयाकडे विशेष परवानगी मागण्याचे. (ही न्यायाधिकरणे 1966 मध्ये बंद झाली आणि काम उच्च न्यायालयांकडे गेले. बरे झाले असे मला वाटते. पण सुरुवातीच्या त्या वर्षांत या तात्पुरत्या मंडळांनी जेवढी नवी जमीन नांगरली, तेवढी नंतर क्वचितच कोणी नांगरली.)

जसानींवरचा आक्षेप विड्यांचा होता. मूलजी सिक्का कंपनी सैनिकांच्या कॅन्टीन स्टोअर्स विभागाला विड्या पुरवी. जवानाला सिगारेटपेक्षा विडी परवडे, आणि सैन्याची मागणी ही विडीवाल्यांना हमखास गिऱ्हाइकी. कॅन्टीन स्टोअर्स हा केंद्र सरकारचाच विभाग. आणि कायद्याच्या कलम 7(ड) चे म्हणणे होते, की सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा स्वतःचा भाग किंवा हितसंबंध आहे, तो सभागृहाचा सदस्य व्हायला अपात्र. जसानी पेढीचे भागीदार. पेढीचा सरकारशी व्यवहार. मग उत्तर सरळ दिसते. पण वकिलांनी ते सरळ राहू दिले नाही, आणि त्यांच्या युक्तिवादांमुळेच हा निकाल पुढे वर्षानुवर्षे कायद्याच्या पुस्तकांत राहिला.

पहिला युक्तिवाद: करार एकच, कायमचा असा नव्हताच. मागणी आली की माल जाई. प्रत्येक मागणी हा वेगळा सौदा. आणि माल पोहोचला की तो सौदा संपला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या मधल्या काळात पेढीकडे फक्त सरकारकडून पैसे यायचे बाकी होते. पैसे येणे म्हणजे काही ‘माल पुरवण्याचा करार’ नव्हे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने हे मान्य केले नाही. त्याचे म्हणणे, करार दोन बाजूंचा असतो. एका बाजूने माल दिला म्हणून तो पुरा होत नाही, दुसऱ्या बाजूने पैसे चुकते होईपर्यंत तो जिवंतच राहतो. आणि कायद्याचा हेतू पाहिला तर हेच बरोबर: ज्याचे पैसे सरकारकडे अडकलेले आहेत, त्याचे मन सभागृहात मोकळे राहील कसे? कर्तव्य आणि स्वार्थ यांची ओढाताण होऊ नये, हाच त्या कलमाचा उद्देश. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर तुमसरच्या अडत्यालाही ठाऊक असते की धान वजन करून झाले म्हणजे हिशेब झाला असे नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक चलाख. घटनेच्या कलम 299 नुसार केंद्र सरकारचा करार राष्ट्रपतींच्या नावाने, ठरलेल्या नमुन्यात व्हावा लागतो. इथे तसे काही झाले नव्हते. कॅन्टीन स्टोअर्सच्या प्रशासन मंडळाच्या अध्यक्षाशी पत्रव्यवहार होऊन काम चाले. म्हणजे करार कायद्याने नाहीच. आणि करार नाही तर अपात्रता कसली? न्यायालयाने यावर जे म्हटले त्याचा सारांश असा: सरकारी अधिकारी रोज शेकडो बारीकसारीक खरेद्या करतात, कधी घाईगर्दीत, त्या प्रत्येकासाठी राष्ट्रपतींच्या नावाचा भारदस्त दस्तऐवज लिहायचा म्हटले तर कारभारच ठप्प होईल. अशा करारातून सरकारवर दावा लावता येणार नाही, हे खरे. पण म्हणून तो सगळ्याच कामांसाठी शून्य होत नाही. जसानींची जागा गेली. (या मुद्द्यावर पुढे सर्वोच्च न्यायालयानेच सूर बदलला आणि ठरलेला नमुना पाळणे बंधनकारक आहे, अशी कडक भूमिका घेतली. विड्यांच्या खटल्यातली सैल भाषा तेव्हा अडचणीची ठरली.)

हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते व्हिव्हियन बोस. दिल्लीत बसलेला एखादा अनोळखी न्यायाधीश नव्हे, नागपूरचाच माणूस. त्यांचे आजोबा सर बिपिन कृष्ण बोस हे नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. स्वतः बोस 1936 पासून नागपूर उच्च न्यायालयात न्यायाधीश, 1949 पासून मुख्य न्यायाधीश, आणि 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. विडीचा धंदा, महार समाज, महानुभावांचे मठ, हे सगळे त्यांना ऐकीव नव्हते. निकालाच्या दुसऱ्या भागात हे जाणवते.

कारण दुसरा भाग खरा अवघड होता. गंगाराम ठवरे महार राहिले होते का? पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात जे सांगितले ते पाहिले तर निवडणूक अधिकाऱ्याचा तर्क पूर्ण चुकीचा म्हणता येत नाही. पंथाने जातिभेद आणि देवतांचा बाजार, दोन्ही नाकारले. आणि भंडाऱ्याला महानुभावांची आठवणही नवी नाही: ‘लीळाचरित्रा’त निळभट्ट भांडारेकर भेटतो, तो इथलाच. पण सातशे वर्षांत पंथात जे व्हायचे ते झाले. तत्त्व पोथीत राहिले आणि लग्न जातीत होऊ लागले. महार महानुभाव, कुणबी महानुभाव, अशी ओळख गावोगाव रूढ झाली. माणूस पंथाचा उपदेश घेई, पण पंगतीत त्याची जागा बदलत नसे.

बोस यांनी प्रश्न असा मांडला, की कोणी नव्या पंथात गेला म्हणून त्याची जात आपोआप सुटते का, हे केवळ त्या पंथाच्या पोथीवरून ठरत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात. जुन्या समाजाने त्याला बाहेर काढले का? त्याचा स्वतःचा हेतू काय, तो जुने नाते तोडू इच्छितो का? आणि नव्या पंथाचे नियम काय म्हणतात? यातल्या पहिल्या दोन गोष्टी जर एकाच बाजूला असतील, समाज त्याला आपलाच मानत असेल आणि त्यालाही आपल्या समाजात राहायचे असेल, तर तिसरीचे वजन फार नाही. निदान जिथे प्रश्न जुन्या समाजाच्या राजकीय हक्काचा आहे, तिथे तरी नाही. ठवऱ्यांना महार समाजाने वाळीत टाकले नव्हते. त्यांचे लग्नसंबंध महार समाजातच होते. लोक त्यांना महारच समजत होते. मग ते महार होते. त्यांचा अर्ज नाकारणे चुकीचे ठरले.

इथे कायद्याची एक दुसरी खुंटी होती. 1951 च्या कायद्यात, उमेदवारी अर्ज गैरपणे नाकारल्याने निकालावर परिणाम झाला असेल तर संपूर्ण निवडणूकच रद्द, अशी तरतूद होती. त्यामुळे जसानींच्या मागून साखरेही गेले. विड्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता, ठवऱ्यांचा अर्ज त्यांनी नाकारला नव्हता. तरी दिल्लीतली खुर्ची गेली. मला यात साखऱ्यांवर अन्याय झाला असे वाटते. पण ज्या राखीव जागेसाठी एक पात्र माणूस उभाच राहू शकला नाही, ती निवडणूक पुरी मानणे हाही अन्यायच झाला असता.

निकाल फेब्रुवारी 1954 चा. तीन महिन्यांत पोटनिवडणूक. आणि इथून गोष्ट मुंबईला जाऊन परत भंडाऱ्याला येते.

1952 मध्ये बाबासाहेब मुंबईतून हरले होते. तिथेही दोन सदस्यांचाच मतदारसंघ. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर सुमारे चौदा हजार मतांनी निवडून आले. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने समाजवाद्यांशी हातमिळवणी केली होती आणि सर्वसाधारण जागेवरचे त्यांचे साथीदार अशोक मेहता हेही पडले होते. कम्युनिस्टांनी, विशेषतः डांगे यांनी, मते कुजवण्याचा प्रचार केला आणि हजारो मते बाद झाली, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. घटना लिहिणारा माणूस निवडणूक न्यायाधिकरणापुढे अर्जदार म्हणून उभा! तो अर्ज फेटाळला गेला.

म्हणजे देशातला सर्वांत मोठा घटनापंडित आपला निवडणूक अर्ज हरला, आणि भंडाऱ्याचा एक अनोळखी मतदार जिंकला. त्याच्या जिंकण्याने मोकळ्या झालेल्या दोन जागांवर तेच दोघे, आंबेडकर आणि मेहता, पुन्हा एकत्र उभे राहिले. हा योगायोग आपल्या इतिहासलेखनात जवळजवळ हरवलेलाच आहे. चरित्रांत ‘भंडाऱ्याची पोटनिवडणूक’ असे दोन शब्द येतात आणि लेखक पुढे जातात.

एप्रिल 1954 च्या उन्हात, तब्येत साथ देत नसताना, बाबासाहेब भंडाऱ्यात प्रचाराला आले. त्यांची भाषणे स्थानिक प्रश्नांपेक्षा मोठ्या पल्ल्याची होती. नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर त्यांनी झोड उठवली. धानाच्या भावावर जगणाऱ्या मतदाराला ते किती पोहोचले असेल, ही शंका तेव्हाच्या कार्यकर्त्यांनाही आली असणार. मतांचा प्रश्न पुन्हा निघाला. फेडरेशनच्या काहींना वाटे, की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे. सवर्ण मतदार त्यांना देणार नाहीतच, मग आपण त्यांच्या उमेदवाराला का द्यावे? बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने घटना लिहिली त्याने मते वाया घालवायला सांगायचे नसते, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर विदर्भात अजून सांगितले जाते. मुंबईत ज्या गोष्टीविरुद्ध ते न्यायालयात गेले, तीच भंडाऱ्यात स्वतः करणे त्यांना शक्य नव्हते.

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी बाबासाहेबांच्या पुढे राहिले. आंबेडकरी मतांची साथ मेहतांना मिळाली. मेहतांच्या मतदारांकडून तेवढी साथ बाबासाहेबांना मिळाली नाही, हा आरोप तेव्हापासूनचा आहे आणि मला तो खरा वाटतो. दोन्ही जागांसाठी मतदार तेच, दोघे एकाच आघाडीचे उमेदवार, तरी एक निवडून आला आणि दुसरा पडला. जातीखेरीज याचे दुसरे पटणारे कारण मला दिसत नाही. त्यानंतर बाबासाहेब लोकसभेला पुन्हा उभे राहिले नाहीत. 6 डिसेंबर 1956 पर्यंत ते राज्यसभेचेच सदस्य राहिले.

राखीव जागेची कथा एवढ्यावर संपली नाही. भाऊराव बोरकर 1955 मध्ये वारले आणि त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी अनुसयाबाई बोरकर निवडून आल्या. साखरे, बोरकर, अनुसयाबाई: पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत भंडाऱ्याच्या राखीव जागेने तीन सदस्य पाहिले. 1957 ला याच मतदारसंघातून रा. मा. हजरनवीस आणि बाळकृष्ण वासनिक गेले. दोन सदस्यांचे मतदारसंघ 1961 च्या कायद्याने संपले आणि मत कुजवण्याचा प्रश्नही त्यांच्याबरोबर गेला.

ठवऱ्यांची जात मात्र मिटली नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि भंडारा-तुमसरचा बहुसंख्य महार समाज त्यांच्यामागे गेला. आता प्रश्न पंथाचा राहिला नाही, धर्माचा झाला, आणि अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात हिंदू धर्माची अट होती. 1962 च्या विधानसभा निवडणुकीत नागपुरातून राखीव जागेवर निवडून आलेल्या डी. पी. मेश्राम यांच्यावर तोच आक्षेप आला: हे बौद्ध झालेत. इथे जुना मार्ग चालला नाही. समाज तोच, नाती तीच, लग्ने त्याच घरांत. तरी ‘पंजाबराव विरुद्ध मेश्राम’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की ज्याने उघडपणे हिंदू धर्म सोडला तो त्या आदेशाखाली अनुसूचित जातीचा राहत नाही. मेश्रामांची निवडणूक गेली. महाराष्ट्र सरकारने 1960 मध्येच नवबौद्धांना सवलती चालू ठेवल्या होत्या. पण केंद्राच्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द यायला 1990 उजाडावे लागले. ठवऱ्यांना पंथ बदलून हक्क राखता आला, आणि त्यांच्याच समाजाला धर्म बदलून तो जवळजवळ साडेतीन दशके पूर्ण मिळाला नाही.

विड्यांच्या मुद्द्याचे काय झाले तेही सांगायला हवे. 1966 च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 9अ आले. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे, की पुरवठादाराने आपले काम पुरे केले असेल आणि केवळ सरकारकडून पैसे यायचे बाकी असतील, तर तेवढ्यावरून करार चालू आहे असे मानू नये. 1952-54 मध्ये जसानींच्या वकिलांचा जो युक्तिवाद हरला, तोच आता कायदा आहे. विड्या पोहोचवून पैशांची वाट पाहणारा भागीदार आज निवडून आला, तर या कारणाने त्याची जागा जाणार नाही.

ठवऱ्यांचा भाग मात्र अजून उभा आहे. जात, पंथ आणि धर्मांतर यांच्या वादात न्यायालये तीच तीन प्रश्नांची कसोटी पुन्हा काढतात. 2015 मध्ये केरळच्या के. पी. मनू यांच्या जातीच्या दाखल्याचा निकाल देतानाही सर्वोच्च न्यायालयाने ‘जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम’ वाचला होता.